आधी जमीन

इंग्लंडमधल्या घरांना लागून जी गॅरेजं असतात, त्यांची जमीन सपाट नसते. आत शिरलेलं पाणी बाहेर वाहून जावं म्हणून ती दाराकडे उतरती ओतलेली असते, आणि ओतणारा घाईत असला की आडवाही थोडा उतार राहून जातो. गाडी नुसती उभी करायची तर त्याने कुणाचं काही अडत नाही. तशीही बहुतेक गॅरेजांत गाडी नसतेच. जुने सोफे, रंगाचे डबे आणि हवा गेलेल्या सायकली असतात. पण त्याच जमिनीवर गाडी बांधायची आणि तिच्या पुढच्या चाकांचे कोन पाव-पाव अंशाने जुळवायचे म्हटलं, की सगळ्यात आधी आडवी येते ती जमीनच.

आमच्याकडे पुढच्या दोन चाकांखालच्या जमिनीत सहा मिलिमीटरचा फरक निघाला. ऐकायला हे काहीच नाही. दोन चाकांमधलं अंतर १३०० मिलिमीटर धरलं तर हा उतार पाव अंशाचा होतो. म्हणजे एका चाकाचा कँबर, पुढून दिसणारा त्याचा कल, पाव अंश जास्त दिसणार, दुसऱ्याचा पाव अंश कमी. गाडीत नसलेली अर्ध्या अंशाची तफावत मापात येऊन बसणार. आणि मला कँबर हवा होता सगळा मिळून उणे सव्वा अंश.

गाडी म्हणजे काय ते आधी सांगतो. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली सेव्हन नावाची दोन माणसांची उघडी, हलकी गाडी आणली. पोलादी नळ्यांची चौकट, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, दारं नाहीत, पुढची चाकं अंगाबाहेर. ती सुट्या भागांत विकत घेतली तर तेव्हाचा खरेदी कर वाचायचा, म्हणून लोक ती घरी जोडायचे. कायद्याने अशा भागांसोबत जोडणीची पुस्तिका देता येत नसे, म्हणून कंपनी गाडी सुटी कशी करायची याची माहिती द्यायची आणि गिऱ्हाईक ती शेवटाकडून वाचायचं, असं इथले जुने लोक हसत सांगतात. १९७३ मध्ये खरेदी कर जाऊन व्हॅट आला. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. पण घरी गाडी बांधायची खोड काही गेली नाही. आजही या देशात कितीतरी गॅरेजांत सेव्हनच्या धर्तीची एखादी चौकट ताडपत्रीखाली पडलेली असते. माझीही तशीच कुणाची तरी अर्धवट राहिलेली, सेकंडहँड घेतलेली.

आपल्याकडे हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘आणि आरटीओ?’ प्रश्न बरोबर आहे. भारतात गाडी रस्त्यावर यायची तर तिचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासून मंजूर केलेला असावा लागतो. ते गणित कारखान्याचं आहे, घरातल्या माणसाचं नाही. त्यामुळे आपल्याकडे स्वतः गाडी बांधायची हौस भागते ती इंजिनिअरिंग कॉलेजात. २००७ पासून पिथमपूरला बाहा स्पर्धा होते, तिथे मुलं दरवर्षी गाड्या बांधून नेतात. मीही गेलो होतो. पण तिथे सस्पेन्शनचं काम म्हणजे संगणकावर भूमिती काढायची, वेल्डिंग करायचं आणि गाडी चिखलातून जिवंत बाहेर आली की आनंद मानायचा. पाव अंशाशी तिथे कुणाला देणंघेणं नव्हतं.

इथे ब्रिटनमध्ये व्यक्तीने बांधलेल्या एकट्या गाडीसाठी वेगळी तपासणी आहे. २००९ पासून तिला आयव्हीए म्हणतात. तपासनीस गाडीच्या बाहेर आलेल्या कडांवरून अक्षरशः हात फिरवतो. बाहेरून लागेल अशी कड अडीच मिलिमीटर त्रिज्येची गोल नसेल तर नापास. म्हणून या गाड्यांच्या पुढच्या नटबोल्टांवर काळ्या प्लास्टिकच्या टोप्या घातलेल्या दिसतात. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी त्यातल्या अर्ध्या गायब होतात, तो भाग वेगळा. पण सेव्हनसारख्या गाडीला घाम फोडणारी गोष्ट आहे स्टीअरिंगची. वळणातून जाताना हात सैल सोडले की चाकं आपण होऊन सरळीकडे यायला हवीत. साध्या गाडीत याचा विचारही कुणी करत नाही. आमची सगळी गाडी सहाशे किलोच्या आतबाहेर, पुढच्या चाकांवर त्यातलं जेमतेम निम्मं वजन. चाकांना सरळ आणणारा जोर मुळातच कमी.

तो जोर मुख्यतः कॅस्टरमधून येतो. चाक ज्या रेषेभोवती डावी-उजवीकडे वळतं, ती रेषा बाजूने पाहिली तर वरून मागे झुकलेली असते. सायकलचा पुढचा चिमटा बघा, हात सोडून सायकल चालवता येते त्यात त्या झुकावाचा मोठा वाटा असतो. हा झुकाव म्हणजे कॅस्टर. पुढून पाहिल्यावर चाक आत किंवा बाहेर कललेलं दिसतं तो कँबर; माथा आत असेल तर उणे. आणि वरून पाहिल्यावर दोन्ही चाकांची नाकं एकमेकांकडे वळलेली की फाकलेली, तो टो. कोपऱ्यावरचा अलाईनमेंटवाला मशीन लावून कागद हातात देतो तो या तिघांचाच. मारुती ८०० पासून आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेले खांब आहेत, त्यात त्याला हात घालता येतो तो टोला. बाकीचे दोन आकडे छापून येतात, एवढंच.

घरी बांधलेल्या गाडीत मात्र सगळंच फिरतं, आणि सगळं फिरतं हीच तिची खोड. चाकाला चौकटीशी जोडणारे त्रिकोणी हात म्हणजे विशबोन, एक वर आणि एक खाली. माझ्या वरच्या विशबोनच्या टोकाला ट्रान्झिट व्हॅनच्या स्टीअरिंगमधला बॉल जॉइंट आट्यांवर बसवलेला आहे. घरी गाड्या बांधणाऱ्यांची ही जुनी युक्ती, स्वस्त आणि भक्कम. तो आत फिरवला की चाकाचा माथा आत येतो. पण पिनचं तोंड खालीच राहायला हवं, म्हणून फिरवायचा तर पूर्ण एक फेरा. आटा दीड मिलिमीटरचा. एका फेऱ्यात कँबर अंशाच्या तिसऱ्या हिश्शाने सरकतो आणि मधे थांबायला जागा नाही. म्हणजे सव्वा अंश कागदावर लिहायचा, आणि हाताशी येईल तो जवळचा आकडा घ्यायचा. शिवाय कँबर हलला की टो हलतो. कॅस्टर हलवला की दोन्ही हलतात. म्हणून क्रम ठरलेला: टायरमधली हवा, गाडीची उंची, कॅस्टर, कँबर, सर्वांत शेवटी टो. हा क्रम मोडून काम करणारा माणूस रात्री उशिरापर्यंत गॅरेजमध्ये दिसतो.

आकड्यांची टंचाई कधीच नव्हती. अशा गाड्या बांधणाऱ्या कुणालाही विचारा, तो कॅस्टर पाच-साडेपाच, कँबर एक ते दीड उणे, टो शून्याच्या आसपास असं चटकन सांगेल. मी ते भिंतीवर लिहून ठेवले होते. उन्हाळ्यात आप्पा कोल्हापूरहून आले आणि त्यांनी ते वाचले. आप्पांचं आयुष्य उद्यमनगरात फिटर म्हणून गेलं. आधी ऑइल इंजिनं, मग लेथ आणि पंप. गाडीचं सस्पेन्शन त्यांचा विषय नव्हे, फियाट-अँबेसिडरच्या किंगपिन-बुशची कामं त्यांनी शेजारच्या शेडमध्ये होताना पाहिलेली, तेवढीच. ते भिंतीकडे बघून म्हणाले, “आकडं झ्याक हायेत. पण मोजणार कशापास्नं?”

मला हा प्रश्न पुढे कितीदा तरी पुरला. कँबर मोजायचा ओळंब्यापासून, पण जमीन तिरकी असेल तर ओळंबा खरा आणि गाडी खोटी. टो मोजायचा गाडीच्या मध्यरेषेपासून, आणि मध्यरेषा तर कुठे आखलेली नाही. ती चौकटीत असते असं आपण धरून चालतो. कारखान्याच्या गाडीत हा संदर्भ जिगने, म्हणजे भाग ठरल्या जागी धरणाऱ्या साच्याने, तयार करून दिलेला असतो. घरच्या गाडीत तो आपणच तयार करायचा, आणि खरं काम तेच आहे. कोन उसने मिळतात. संदर्भ उसना मिळत नाही.

आप्पांनी पहिल्यांदा मला पारदर्शक नळी आणायला लावली. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तशी, पाणी भरून. चारही चाकांच्या जागा तिने तपासल्या आणि ज्या खाली होत्या तिथे जमिनीला चिकटवायच्या व्हिनाइलच्या टाइल्स एकावर एक ठेवून उंच केल्या. एक टाइल साधारण दोन मिलिमीटर, त्याहून बारीक फरकाला पुठ्ठा. सगळ्यात वरच्या दोन टाइल्समध्ये ग्रीस फासलं, म्हणजे गाडी जॅकवरून उतरवली की चाकं आपोआप बाहेर सरकून बसतात. ते केलं नाही तर टायर जमिनीला धरून ठेवतो, गाडी पूर्ण खाली येत नाही आणि तुम्ही भलत्याच उंचीवर मोजत राहता. “लेथचा बेड लेव्हल न करता जॉब लावतोस काय?” एवढंच ते म्हणाले.

मग वजन. सहाशे किलोच्या गाडीत चालक म्हणजे आठवा हिस्सा. तो बसला की गाडी दबते आणि तीही एकाच बाजूला. मोजणारा माणूस एकाच वेळी आत बसून बाहेर वाकू शकत नाही. इथले लोक सिमेंटची पंचवीस किलोची तीन पोती सीटवर ठेवतात. आमच्या घरात सिमेंट नव्हतं, पण इंडियन दुकानातून आणलेल्या तांदळाच्या वीस-वीस किलोच्या गोण्या होत्या, आणि वरून पीठ-डाळी. चालकाच्या जागी बासमती, सोना मसुरी आणि तूरडाळ असा पंचाहत्तर किलोचा ऐवज बसवला. बायकोने तेवढ्यात तांदूळ मागितला नाही, हे उपकार.

ओळंब्याने आप्पांनी चौकटीवरच्या आठही विशबोन ब्रॅकेटांचे ठिपके जमिनीवर उतरवले. खडूने. मागच्या ॲक्सलचे दोन, नाकाच्या मध्याचा एक. गाडी बाजूला ढकलली तेव्हा खाली राहिलेलं ते ठिपक्यांच्या रांगोळीसारखं दिसत होतं, फक्त रेषा जोडायच्या बाकी. मग सूत ताणून कर्ण मोजले. डावा पुढचा ते उजवा मागचा, उजवा पुढचा ते डावा मागचा. जुळायला हवेत ते जुळेनात. पुन्हा मोजलं तरी तेच. शेवटी सापडलं: उजव्या बाजूचे खालच्या विशबोनचे दोन्ही ब्रॅकेट चार मिलिमीटर मागे वेल्ड झालेले होते. चौकट ज्याने जोडली त्याने ती कुठल्या जमिनीवर ठेवली होती कोण जाणे.

चार मिलिमीटरला पुन्हा एकदा मान द्यावा लागतो. या गाड्यांत वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधलं उभं अंतर सव्वादोनशे ते अडीचशे मिलिमीटर असतं. खालचा चार मिलिमीटर मागे गेला की कॅस्टर जवळजवळ एक अंशाने कमी. डावीकडे साडेपाच असेल तर उजवीकडे साडेचार. कॅस्टर जिकडे कमी तिकडे गाडी ओढते, म्हणजे ही उजवीकडे ओढणार. आणि यातली गंमत अशी की ते कदाचित कधी कळलंच नसतं. इथले रस्ते आपल्यासारखेच डावीकडून चालायचे आणि कडेकडे उतरते. त्या उताराने प्रत्येक गाडी थोडी डावीकडे जाते. एक चूक दुसऱ्या ओढीला झाकून घेते आणि चालवणारा म्हणतो, गाडी सरळ जाते. मशीनवर नेली असती तर कागदावर दोन वेगळे कॅस्टर छापून आले असते. कशामुळे, ते मशीनला ठाऊक नसतं. ते खडूच्या ठिपक्यांना ठाऊक होतं.

आप्पांचं मत स्पष्ट: ब्रॅकेट कापायचे, पुन्हा वेल्ड करायचे. माझं मत वेगळं होतं. वरच्या विशबोनच्या बुशच्या पुढे-मागे वॉशर असतात. मागचे काढून पुढे घातले की वरचा बॉल जॉइंटही चार मिलिमीटर मागे जातो. कॅस्टर दोन्हीकडे सारखा होतो. राहतं एवढंच, की उजव्या बाजूचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, डावीपेक्षा चार मिलिमीटर कमी. मी त्यांना रेनॉल्ट ४ चं उदाहरण दिलं. त्या फ्रेंच गाडीचे मागचे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या, गाडीच्या पूर्ण रुंदीभर आडवे आणि एकामागे एक बसवलेले, त्यामुळे तिच्या दोन बाजूंच्या व्हीलबेसमध्ये ४८ मिलिमीटरचा फरक होता, आणि तशा लाखो गाड्या धावल्या. आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “त्यांनी ते ठरवून केलंय. तुझं ठरवून झालंय काय?”

न झालेलं मान्य करूनही मी ब्रॅकेट कापले नाहीत. हलक्या नळ्यांवर दुसऱ्यांदा वेल्डिंगची उष्णता देणं मला चार मिलिमीटरपेक्षा जास्त नकोसं वाटतं. यावर आमचं आजही एकमत नाही.

कॅस्टर थेट मोजता येत नाही. चाक वीस अंश एका बाजूला वळवायचं, कँबर घ्यायचा. वीस अंश दुसऱ्या बाजूला, पुन्हा कँबर. दोन्हींतल्या फरकाला साधारण दीडने गुणलं की कॅस्टर. कँबरसाठी रिमच्या कडांना लावून ओळंबा सोडला की झालं: तेरा इंची रिमवर, कडेपासून कडेपर्यंत साडेतीनशे मिलिमीटर धरले तर वरच्या-खालच्या अंतरात सहा मिलिमीटर म्हणजे एक अंश. हे सगळं एक धागा, एक शिसं आणि स्टीलची पट्टी एवढ्यात होतं. टोसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना मध्यरेषेला समांतर दोन सुतं ताणायची. पुढच्या-मागच्या चाकांमधली रुंदी वेगळी असेल तर सुताचं हबपासूनचं, म्हणजे चाकाच्या मध्यापासूनचं, अंतरही पुढे-मागे वेगळं येणार, ते येऊ द्यायचं. डावं-उजवं मात्र सारखं हवं. इथे घाई करणारे सूत टायरला टेकवतात आणि मग टायरवरच्या अक्षरांची जाडी मोजत बसतात.

पण मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते बंप स्टीअरने. उभ्या गाडीचे सगळे कोन बरोबर असले तरी चाक खड्ड्यात खाली-वर होताना टो बदलत असेल, तर स्टीअरिंग न हलवताही गाडी वळते. विशबोन एका वर्तुळात फिरतात, स्टीअरिंगच्या आडव्या रॅकला चाकाशी जोडणारा टाय रॉड दुसऱ्या. ही वर्तुळं एकमेकांशी जमली नाहीत की चाकाची ओढाताण होते. नॉर्थहँप्टनशरच्या शेतांमधले अरुंद रस्ते वर-खाली डुलत जातात. तिथे असली गाडी प्रत्येक उंचवट्यावर हातात चुळबुळ करते.

हे मोजायला स्प्रिंग काढून ठेवायची, चाकाऐवजी हबला सपाट फळी बोल्ट करायची आणि फळीच्या पुढच्या-मागच्या टोकांवर ३०० मिलिमीटर अंतराने दोन डायल गेज लावायचे. हब जॅकवर दहा-दहा मिलिमीटर उचलत जायचं. दोन्ही काटे सारखेच सरकले तर चाक नुसतं आत-बाहेर होतंय. फरक पडला तर तो टो. एक गेज आप्पांचा स्वतःचा, मिटुटोयोचा, फडक्यात गुंडाळून हँडबॅगेतून आणलेला. दुसरा मी घेतलेला स्वस्तातला. त्याच्यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही, ते दर वेळी काट्यावर बोटाने टकटक करायचे.

पन्नास मिलिमीटर वर गेल्यावर तीन मिलिमीटर टो-आऊट, म्हणजे चाकाचं नाक बाहेर. पन्नास खाली, तितकाच टो-इन. आलेख काढला तर तिरकी सरळ रेष, आणि हा त्यातल्या त्यात बरा आजार. रेष सरळ तिरकी असेल तर रॅकची उंची चुकली आहे; रेष वाकून दोन्ही टोकं एकाच बाजूला जात असतील तर टाय रॉडची लांबी चुकली आहे, आणि ते दुखणं महाग. आमचा रॅक पुढच्या ॲक्सल लाइनच्या पुढे आहे. अशा मांडणीत चाक वर जाताना टो-आऊट म्हणजे रॅक उंच. हिशेबाने साडेसात मिलिमीटर. रॅक ज्या दोन ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यांवर बसतो ते तेवढे कमी करायला हवे होते.

मिलिंग मशीन माझ्याकडे नाही. मी ते कुठे करून घेता येईल ते शोधत असताना आप्पांनी व्हाइसमध्ये एक ठोकळा धरला होता. आधी करवतीने सहा मिलिमीटर उडवलं, मग बास्टर्ड कानस. ॲल्युमिनियम कानशीच्या दातांत अडकतं म्हणून ते मधूनमधून कानशीवर खडू घासायचे. शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला कानस आडवी धरून दोन्ही हातांनी पुढे-मागे, मग जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर ठोकळा आठ आकड्यात फिरवायचा. एका ठोकळ्याला मार्किंगचा निळा रंग लावून दुसऱ्याशी जुळवला. दोघांच्या उंचीत माझ्या व्हर्नियरला दिसेल असा फरक राहिला नाही. चहा मात्र गार झाला होता आणि तो त्यांनी तसाच प्यायला.

रॅक खाली आल्यावर तीन मिलिमीटरचं अर्ध्याच्या आत आलं. अर्ध्या मिलिमीटरची हलकी वाकलेली रेष राहिली. ती म्हणजे लांबीचा दोष, रॅकची टोकं बदलल्याशिवाय जाणार नाही. तिथे मी थांबलो. सस्पेन्शनमध्ये सगळं शून्य करायच्या मागे लागलेली माणसं मी बघितली आहेत, त्यांच्या गाड्या स्टँडवर असतात.

आणि अकर्मन? आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं हा तो नियम. आमच्या गाडीत तो स्टीअरिंग आर्मच्या आकारात येऊन गेलेला आहे, त्यात मी हात घातला नाही. पण हे नाव ज्याचं, तो रुडॉल्फ अकर्मन लंडनमध्ये पुस्तकं आणि चित्रं छापून विकणारा माणूस होता. म्युनिकचा घोडागाड्या बांधणारा लँकेन्स्पर्गर याच्या वतीने त्याने १८१८ साली पेटंट घेतलं, आणि नाव राहिलं एजंटचं.

तपासणीच्या दिवशी तपासनिसाने आवारातच मंद वेगात गाडी वळवली आणि हात सैल सोडले. चाकं सावकाश सरळीकडे आली. अगदी उत्साहाने नव्हे, पण आली. साडेपाच अंश कॅस्टर त्याच्यासाठीच ठेवला होता. त्याची किंमत म्हणजे पार्किंगमध्ये स्टीअरिंग जड लागतं, ती मी आनंदाने भरतो. ज्यांना हलकं स्टीअरिंग हवं असतं ते परीक्षेनंतर कॅस्टर कमी करतात. मला ते पटत नाही. वेगात हातात जो निरोप येतो तो याच जडपणातून येतो.

आता टायर आतल्या कडेला थोडे जास्त झिजू लागलेत. माझं गाडी चालवणं बहुतेक सरळ रस्त्यावर, त्यामुळे एवढा उणे कँबर लागत नाही. ट्रान्झिटचा जॉइंट दोन्हीकडे एक-एक फेरा बाहेर काढायचा आहे. म्हणजे पुन्हा टाइल्स, पुन्हा पाण्याची नळी, सीटवर पुन्हा तांदूळ, आणि शेवटी टो. आप्पांचा गेज इथेच आहे. जाताना त्यांनी तो ठेवला आणि स्वस्तातला कोल्हापूरला नेला, कशासाठी ते सांगितलं नाही.